नेत्रांतर्गत इंजेक्शननंतरची नेत्ररक्षा : ग्रामीण वैद्याचे कर्तव्य

गेल्या काही वर्षांत किल्लारी व परिसरातील गावांतून चिकित्सेसाठी येणाऱ्या रुग्णांच्या तोंडी 'डोळ्यात इंजेक्शन' हे शब्द वारंवार येऊ लागले आहेत. पूर्वी डोळ्याचे ऑपरेशन म्हटले की मोतीबिंदू एवढेच लोकांना ठाऊक होते. आता मात्र मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला आलेली सूज, वार्धक्यामुळे पडद्याच्या मध्यभागी वाढलेल्या विकृत रक्तवाहिन्या किंवा पडद्यावरील शीर बंद पडून झालेला रक्तस्राव यांसाठी आमचे रुग्ण लातूर, उदगीर, सोलापूर येथे आणि प्रसंगी हैदराबाद-पुण्यापर्यंत जाऊन हे इंजेक्शन घेऊन येतात. इंजेक्शन देणारे तज्ज्ञ शहरात असतात. रुग्ण मात्र त्याच सायंकाळी गावी परततो आणि दुसऱ्या दिवशी डोळा लाल दिसला की प्रथम आपल्याच दारी येतो. त्या वेळी वैद्याने काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

हा प्रश्न आपल्या भागात विशेष का ?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने किल्लारी व आसपासची गावे उद्ध्वस्त झाली आणि हजारो माणसे दगडमातीखाली गेली. त्या वेळी जे तिशी-चाळिशीत होते, ज्यांनी स्वतःच्या हातांनी ढिगारे उपसले, ती पिढी आज साठी-सत्तरीत आहे. प्रमेहाचे उपद्रव डोकावण्याचे हेच वय. पुनर्वसनात गावे नव्या जागी, ऐसपैस वसली. शेजारघर पूर्वीसारखे भिंतीला भिंत लावून राहिले नाही. अनेक घरांतील मुले-सुना पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईस गेल्या आणि मागे वृद्ध दांपत्य उरले. अशा घरात डोळ्यात थेंब कोणी घालायचे, डोळा दुखू लागला तर तो कोणी पाहायचा आणि रात्री लातूरला कोणी न्यायचे, हे प्रश्न औषधाइतकेच महत्त्वाचे ठरतात. किल्लारीपासून लातूर सुमारे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. हे अंतर फार नाही, परंतु 'उद्या पाहू' म्हणणाऱ्या घरासाठी ते फार मोठे होते.

इंजेक्शन म्हणजे नेमके काय ?

रुग्णाचे समाधान करावयाचे तर वैद्यास ही क्रिया ठाऊक असली पाहिजे. डोळ्याच्या पोकळीत काचेसारखा पारदर्शक, दाट द्रव असतो. त्यामागे दृष्टिपटल म्हणजे पडदा आणि त्याच्या मध्यभागी सूक्ष्म दृष्टीचे स्थान असणारा पीतबिंदू असतो. प्रमेहात पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होऊन त्यांतून द्रव पाझरतो व पीतबिंदूस सूज येते. नव्या वाहिन्या वाढविणारा व असलेल्या वाहिन्या पाझरविणारा एक घटक शरीरातच तयार होत असतो. त्याचे कार्य रोखणारी औषधे या इंजेक्शनातून दिली जातात. बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट व फॅरिसिमॅब ही त्यांतील प्रमुख नावे. काही रुग्णांना स्टेरॉइडचे इंजेक्शन अथवा हळूहळू विरघळणारी सूक्ष्म कांडी देतात.

डोळा बधिर करून, पोव्हिडोन आयोडीनने स्वच्छ करून, पापण्या यंत्राने उघड्या ठेवून, काळ्या बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर अंतरावर पांढऱ्या भागातून केसासारखी बारीक सुई आत घालतात. औषधाचे प्रमाण बहुधा ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एका थेंबाएवढे. सारी क्रिया काही मिनिटांत आटोपते. औषधाचा प्रभाव मात्र काही आठवड्यांनी ओसरतो. म्हणून आरंभी बहुधा दरमहा आणि पुढे सूज पाहून वाढत्या अंतराने इंजेक्शने द्यावी लागतात.

येथे वाचक वैद्यबंधूंना सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्राचा सतरावा अध्याय आठवल्याशिवाय राहणार नाही. लिंगनाशाच्या वेधनासाठी सुश्रुताचार्यांनी सांगितलेले स्थानही काळ्या भागापासून अंतर सोडून, शिरा टाळून, अपांगाकडील शुक्ल भागातच आहे. दोन्ही कर्मांचे हेतू अगदी भिन्न आहेत आणि एकातून दुसरे निघाले असे म्हणण्याचा आमचा मानस नाही. परंतु नेत्रगोलात सुई घालण्याची कल्पना आपल्या शास्त्रास परकी नाही, एवढे रुग्णास सांगितले तरी त्याची निम्मी भीती जाते.

वेधनोत्तर पथ्याचा सुश्रुतोक्त विचार

त्याच अध्यायात आचार्यांनी वेधनानंतरचा उपक्रम सविस्तर सांगितला आहे. नेत्रावर घृत घालून वस्त्रपट्टाने बांधावे, रुग्णाने बाधारहित गृहात उताणे निजावे, ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे व कंप टाळावेत, तीन-तीन दिवसांनी वातहर काढ्यांनी प्रक्षालन करावे, दहा दिवस संयम पाळावा आणि लघु अन्न मात्रेने घ्यावे. पुढे ते सांगतात की राग, शोफ इत्यादी उपद्रव एक तर वेधनाच्या दोषाने होतात किंवा रुग्णाच्या अहित आचाराने. हा दुसरा भाग आमच्या मते आज सर्वांत मोलाचा आहे. वेधन उत्तम झाले तरी आचार चुकल्यास नेत्र गमावता येतो, हे त्यांनी स्पष्ट नोंदविले आहे.

मग आजच्या इंजेक्शननंतरही घृत घालावे काय ? मुळीच नाही. ते विधान जाड शलाकेने केलेल्या, डोळ्यातील भिंग जागेवरून ढकलणाऱ्या कर्मासाठी होते. आजच्या सुईचे छिद्र अतिसूक्ष्म असून आपोआप मिटते. दहा दिवस उताणे निजण्याची, अंधाऱ्या खोलीत राहण्याची वा डाळ-वांगे सोडण्याची आवश्यकता नाही. संहितेतून तत्त्व घ्यावयाचे आहे. धूळ, धूर, वारा, मलिनता आणि अनाठायी श्रम यांपासून नेत्राचे रक्षण हेच ते तत्त्व होय.

पहिला आठवडा : काय करावे, काय टाळावे

इंजेक्शनच्या दिवशी दृष्टी धूसर असते. रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये, सोबतीस कोणी असावे. डोळ्यावर पट्टी अथवा कवच दिले असल्यास सांगितलेल्या वेळेपर्यंतच ठेवावे. आयोडीनमुळे सायंकाळी डोळा चुरचुरतो, पाणी येते, खडा गेल्यासारखे वाटते. हे बहुधा दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरते. डोळा चोळू नये, झोपेतही हात जाऊ नये म्हणून कवच असल्यास पहिल्या रात्री लावावे.

साधारण आठवडाभर नळाचे, विहिरीचे वा शेततळ्याचे पाणी डोळ्यात जाऊ देऊ नये. स्नान गळ्याखालून करावे. डोके धुवावयाचे झाल्यास मान मागे टाकून दुसऱ्याने पाणी घालावे. पोहणे व नदीतील स्नान वर्ज्य. सोयाबीन वा तुरीची रास चालू असेल तर मळणी यंत्राजवळ उभे राहू नये. आपल्या भागात रुग्ण 'आज सुट्टी झाली' म्हणून नेमका खळ्यावरच जाऊन बसतो, हे आम्ही नेहमी पाहतो. चुलीचा धूर, जनावरांचा गोठा साफ करणे, काजळ व सुरमा हेही या काळात टाळावे. घरात चालणे, हलका स्वयंपाक, वाचन व दूरदर्शन पाहणे यांस हरकत नाही.

थेंब दिले असल्यास लिहिल्याप्रमाणेच घालावेत. काही तज्ज्ञ प्रतिजैविकाचे थेंब देतात, काही देत नाहीत. इंजेक्शननंतर अशा थेंबांनी जंतुसंसर्ग टळतो असे सिद्ध झालेले नसल्याने न देणाऱ्यांनी हयगय केली असे समजू नये, आणि दिलेले थेंब आपण बंदही करू नयेत. थेंब घालणाऱ्याने साबणाने हात धुवावेत, खालची पापणी हलकेच ओढून एक थेंब सोडावा आणि बाटलीचे टोक पापणीस लागू देऊ नये. एका घरात दोघांना थेंब चालू असल्यास बाटल्या वेगळ्या ठेवाव्यात.

मधुमेही रुग्णाने इंजेक्शनच्या दिवशी उपवास करू नये. इन्सुलिन अथवा गोळी घेऊन, एकादशी म्हणून उपाशीपोटी प्रवास करणाऱ्यास वाटेत साखर एकदम उतरून घेरी येण्याचा धोका असतो. हृदयरोग वा पक्षाघातासाठी चालू असलेली रक्त पातळ ठेवणारी औषधे स्वतःच्या मनाने थांबवू नयेत. नजीकच्या काळात हृदयविकाराचा झटका अथवा पक्षाघात होऊन गेला असल्यास ते पुढील इंजेक्शनपूर्वी नेत्रतज्ज्ञांस अवश्य सांगावे.

आपल्या उपक्रमांविषयी संयम

आता आमच्या विषयाचा गाभा. सेक, आश्च्योतन, पिंडी, बिडालक, तर्पण, पुटपाक आणि अंजन हे नेत्राचे क्रियाकल्प म्हणजे शालाक्यतंत्राचे वैभव आहे. परंतु इंजेक्शन घेतलेल्या डोळ्यास या दिवसांत यांपैकी काहीही करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्रिफळ्याचा काढा कितीही गाळला तरी तो निर्जंतुक नसतो. मध, गुलाबजल, एरंडेल, तूप, स्त्रीदुग्ध यांचेही तेच. सुईचे छिद्र मिटत असताना पृष्ठभागावरील जंतू आत गेल्यास आतील काचाभ द्रव हे त्यांच्या वाढीस उत्तम क्षेत्र ठरते, कारण तेथे रक्तवाहिन्या नसल्याने शरीराची संरक्षक शक्ती लवकर पोहोचत नाही.

तर्पणाविषयी तर उत्तरतंत्राच्या अठराव्या अध्यायातच मर्यादा घातली आहे. ज्या नेत्रातील उपद्रव शांत झालेले नाहीत, त्यात तर्पण प्रशस्त नाही. माषपिष्टाची पाळी बांधून अर्धा घटका तूप धरणे हे नुकत्याच टोचलेल्या डोळ्यात या वचनाच्या विरुद्ध होय. याच न्यायाने नस्य (शिंका व डोके खाली करणे), वमन (जोर) आणि शिरोधारा (तेल डोळ्यात उतरणे) हे उपक्रमही पुढे ढकलावेत. आम्ही आमच्या चिकित्सालयात नियम ठेवला आहे की नेत्रतज्ज्ञांनी फेरतपासणी करून लेखी संमती दिल्याविना त्या डोळ्यावर कोणताही स्थानिक उपक्रम करावयाचा नाही. यात शास्त्राचा कमीपणा नाही. काल आणि अवस्था पाहून उपक्रम न करणे हीदेखील चिकित्साच आहे.

उतरते दुखणे आणि चढते दुखणे

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण लाल डोळा घेऊन आला तर काय पाहावे ? पांढऱ्या भागावर एका बाजूस रक्ताचा लालभडक डाग, पण दुखणे नाही आणि दृष्टी कालच्याइतकीच, तर ते सुईच्या जागी झालेले वरवरचे रक्त होय. ते एक-दोन आठवड्यांत आपोआप जिरते. दृष्टीपुढे एक-दोन काळे गोल फुगे तरंगताना दिसले व त्यांचा आकार कमी होत गेला, तर ते औषधासोबत गेलेले हवेचे बुडबुडे असतात. अशा रुग्णास धीर द्यावा.

परंतु पहिल्या दिवशी बरे वाटून नंतर दुखणे वाढू लागले, संपूर्ण डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, पापणी सुजली आणि मुख्य म्हणजे दृष्टी मंदावली, तर तो डोळ्याच्या आत झालेला जंतुसंसर्ग आहे असे गृहीत धरावे. हा उपद्रव क्वचित होतो, साधारण काही हजार इंजेक्शनांत एक. परंतु झाला तर बहुधा पहिल्या आठवड्यातच होतो आणि एक-दोन दिवसांत डोळा निकामी करू शकतो. यावर उपाय म्हणजे डोळ्यातील द्रवाचा नमुना घेऊन आतच प्रतिजैविक सोडणे, प्रसंगी दूषित द्रव काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. हे केवळ दृष्टिपटलतज्ज्ञच करू शकतात. पोटातून दिलेल्या गोळ्यांवर अथवा वरून घातलेल्या थेंबांवर विसंबून वेळ घालविणे घातक होय.

म्हणून आम्ही रुग्णास व घरच्यांस एकच खूण पाठ करावयास लावतो. दुखणे उतरत असेल तर वाट पाहा, चढत असेल तर त्याच दिवशी निघा. याखेरीज डोळ्यापुढे विजा चमकणे, काळ्या ठिपक्यांचा एकाएकी पाऊस पडणे अथवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे ही पडदा सुटल्याची लक्षणे असू शकतात. त्यांत दुखणे नसते, म्हणूनच ती दुर्लक्षिली जातात. स्टेरॉइड दिलेल्या डोळ्यात काही आठवड्यांनी आतील दाब वाढू शकतो. तो रुग्णास कळेलच असे नाही, म्हणून फेरतपासणी चुकवू नये.

औषधाच्या दुकानातून 'लाल डोळ्याचे थेंब' आणणे हा आणखी एक धोका. त्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. लाली उतरते, रुग्ण खूश होतो आणि आत जंतू वाढत राहतात.

आमच्या अनुभवातील एक प्रसंग येथे सांगणे उपयुक्त होईल. साठीच्या पुढचे एक शेतकरी इंजेक्शननंतर चौथ्या दिवशी सायंकाळी आले. 'काल बरे होते, आज ठणकतंय' एवढेच त्यांचे म्हणणे. घरच्यांचा विचार दोन दिवसांनी आठवडी बाजार उरकून जाण्याचा होता. चांगला डोळा झाकून बोटे मोजावयास सांगितली, तर हाताची हालचाल तेवढी त्यांना जाणवली. आम्ही डोळ्यात काहीही घातले नाही. इंजेक्शन दिलेल्या तज्ज्ञांस दूरध्वनी करून रुग्ण येत असल्याचे कळविले, चिठ्ठीवर इंजेक्शनची तारीख, दुखणे सुरू झाल्याची वेळ व आताची दृष्टी लिहिली आणि भाच्याच्या जीपमधून त्यांना त्याच रात्री लातूरला धाडले. आतून प्रतिजैविक दिले गेले. दृष्टी पूर्ववत झाली नाही, परंतु आज ते त्या डोळ्याने बांधावरची वाट ओळखतात. बाजार उरकून गेले असते तर तेवढेही उरले नसते.

पुढील इंजेक्शन चुकू नये

जंतुसंसर्ग क्वचित होतो. त्याहून कितीतरी अधिक डोळे आम्ही मध्येच सोडलेल्या उपचाराने मंदावताना पाहिले आहेत. 'एकदा टोचलं की कायम टोचावं लागतं', 'फरक वाटत नाही', 'आता दिसतंय, मग कशाला ?' अशी तीन कारणे नेहमी ऐकू येतात. त्यांत प्रवासाचा खर्च, मजुरीचा बुडालेला दिवस आणि इंजेक्शनची किंमत यांची भर पडते. ही अडचण खरी आहे, तिची हेटाळणी करू नये. औषधाची किंमत परवडत नसल्यास तसे तज्ज्ञांस मोकळेपणे सांगावे, कारण या वर्गात कमी किमतीचे पर्याय आहेत. बेव्हॅसिझुमॅब हे मुळात आतड्याच्या कर्करोगासाठीचे औषध असून डोळ्यासाठी त्याचा उपयोग २००५ पासून होऊ लागला. रॅनिबिझुमॅबची भारतीय बनावटीची आवृत्ती २०१५ मध्ये आली. मात्र एकाच कुपीतून अनेकांना औषध देताना निर्जंतुकतेची कडक काळजी लागते, म्हणून केवळ स्वस्त म्हणून कोठेही इंजेक्शन घेऊ नये.

रुग्णास समजवावे की हे औषध पाझर रोखते, पाझराचे मूळ कारण नाहीसे करीत नाही. दृष्टी वाढली नाही तरी ती टिकणे हाही लाभच आहे. घरी दर आठवड्यास एकेक डोळा झाकून भिंतीवरची दिनदर्शिका वाचावी आणि मुलांच्या चौकटीच्या वहीचे पान पाहावे. सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या अथवा मध्ये डाग दिसू लागला तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

आपले खरे क्षेत्र

मग वैद्यास कार्यच उरले नाही काय ? तसे नाही. डोळ्यातील सूज ज्या प्रमेहाची आहे, तो आपल्याच चिकित्सेत आहे. ज्वारीची भाकरी, मोजका भात, पालेभाज्या, जेवणानंतर चालणे, दिवास्वाप व गोड चहा यांचा त्याग, वेळेवर झोप ही दिनचर्या रुग्णाकडून महिनोन्‌महिने पाळून घेणे शहरातील तज्ज्ञांस शक्य नाही, ते आपल्याला शक्य आहे. रक्तदाब, रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी, मूत्रातून जाणारी प्रथिने आणि पांडुता यांकडे लक्ष ठेवावे. विडी, तंबाखू व गुटखा सोडविण्यासाठी आग्रह धरावा. आपली औषधे देताना चालू इन्सुलिन अथवा गोळ्या परस्पर बंद करू नयेत. आणि ज्या प्रमेही रुग्णास अद्याप डोळ्याची काहीच तक्रार नाही, त्यालाही वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासण्यास पाठवावे, कारण तक्रार सुरू होते तेव्हा सूज बरीच पुढे गेलेली असते.

सभासद बंधू-भगिनींनी आपापल्या चिकित्सालयात एक साधी वही ठेवावी, अशी आमची सूचना आहे. इंजेक्शन घेतलेल्या रुग्णाचे नाव, कोणता डोळा, औषध, तारीख, पुढील तारीख, तज्ज्ञांचा दूरध्वनी आणि घरी सोबत कोण आहे, एवढ्या नोंदी पुरेत. तिसऱ्या दिवशी रुग्णाच्या घरी एक दूरध्वनी करून 'दुखणे उतरते आहे की चढते ?' एवढे विचारावे. या कामास शुल्क नाही व यंत्रही लागत नाही. ज्या घरातून मुले दूर गेली आहेत, तेथे असे विचारणारे दुसरे कोणी बहुधा नसते.